पिसं कशी आहेत?

काझिमच्या पत्रात एकच ओळ होती. "शाकिर, पिसं कशी आहेत?" खाली सही. ओळीच्या मानाने सहीच मोठी!

आता तुम्हीच सांगा, अशा पत्राला उत्तर द्यायला किती वेळ लागावा? दुसऱ्या कुणी चहाचा पेला गार व्हायच्या आत लिहून टाकलं असतं. मी ते पत्र आधी चष्म्याच्या डबीत ठेवलं. चष्मा काढताना ते रोज दिसायला लागलं, म्हणून कोटाच्या खिशात हलवलं. कोटाचा खिसा नेमका छातीवर येतो, तिथं ते टोचायला लागलं. शेवटी एका जाडजूड पुस्तकात घातलं आणि निश्चिंत झालो. पुस्तकात ठेवलेली वस्तू आमच्या गावात कुणालाही सापडत नाही.

पण मला ती कुठं आहे ते ठाऊक होतं, हीच पंचाईत.

सगळा दोष माझ्या बढाईचा. उभ्या आयुष्यात मी एकच बढाई मारली, आणि तीही ओरडून! झालं असं, की काझिम हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्तंबूलला मुलीकडे निघाला होता. लाव्यांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर, ससाणी हातावर चांगली बसायला लागलेली, आणि डॉक्टरांनी बोलावणं धाडलं. आमच्याकडे मादीच पाळतात. नर फार किरकोळ, लाव्याने उलट हाणला तर पडेल असा. काझिमने ससाणी मुठीवर घेऊन माझं दार गाठलं आणि म्हणाला, "हिला तुझ्याकडे ठेवतो. पण पावसाची भीती वाटते रे. पिसं जपशील ना?"

पाऊस! आमच्या अरहावीत पावसाची भीती म्हणजे माशाला पाण्याची. इथं एखाद्या दिवशी पाऊस पडला नाही, तर लोक दारात येऊन एकमेकांना विचारतात, काय बिघडलं म्हणून.

"काझिम," मी म्हणालो, "या पावसात मी तीस वर्षं ग्रंथालयातली पुस्तकं कोरडी ठेवली. एका पानाला बुरशी नाही. एक पाखरू कोरडं ठेवणं म्हणजे काय मोठं!"

"काय?" काझिम म्हणाला. त्याला ऐकू येत नाही.

मी पुन्हा सांगितलं. तो पुन्हा "काय?" म्हणाला. तिसऱ्या वेळी मी एवढ्या जोरात ओरडलो, की समोरच्या चहाच्या मळ्यातल्या बायका पानं खुडायच्या थांबल्या. मनातल्या मनात बोलणाऱ्या माणसाची एकुलती एक बढाई आख्ख्या टेकडीने ऐकली!

काझिमने मग सूचना दिल्या. "हात लावायचा नाही. हाताचा घाम म्हणजे पिसाचं मरण. भिजली तरी चुलीपाशी न्यायची नाही, पीस कुरकुरीत होऊन मोडतं. छपराखाली वाऱ्यावर ठेव, तिचं ती बघते. शेपटीच्या मुळाशी तिची तेलाची कुपी असते. चोचीने घेते आणि अंगभर लावते. ते तेल आहे तोवर पाणी आत शिरत नाही. एखादं पीस वाकलं, तर वाफ दे, सरळ होतं. आणि मी वेळेत परतलो नाही, तर लावे गेले की कोरडा दिवस बघून सोडून दे. पण पिसं धड असतील तरच! मोडक्या पिसांनी पुढचा प्रवास व्हायचा नाही. उसनी आणलीय तिला. जशी घेतली तशी परत करायची."

"कुणाकडून उसनी?" मी ओरडून विचारलं.

त्याने वर बोट दाखवलं. मग वाकून तिच्या छातीवर हळूच फुंकर मारली. करडी-पांढरी पिसं दुभंगली, आतली मऊ लव दिसली, आणि तो गेला. मागे वळून पाहिलं नाही. तिला काही नावही ठेवलेलं नव्हतं. ज्याला सोडायचं त्याला हाक मारायची सवय कशाला, म्हणायचा. मी मात्र मनातल्या मनात ठेवलं. ते सांगणार नाही.

काझिमच्या सूचना मला इतक्या नीट समजल्या, की मी त्यांत सुधारणा करायला घेतली.

पहिली सुधारणा म्हणजे छत्री. ससाणी माणसाळलेली राहायची, तर तिला रोज माणसांत न्यावं लागतं, आणि माणसं म्हणजे रिफतचा चहाखाना. मी डाव्या मुठीवर ससाणी, उजव्या हातात छत्री, असा निघायचो. छत्री एकाचीच, त्यामुळे ती तिच्यावर. चहाखान्यात पोचेपर्यंत ती कोरडी ठणठणीत आणि माझ्या कानांतून पाणी!

"मास्तर," रिफत म्हणायचा, "तुम्हाला पिळून दोरीवर टाकू, की चहा देऊ?"

दोन-चार दिवस छान गेले. मग एके दुपारी समुद्रावरून असा वारा आला, की छत्री उलटी झाली. ससाणी दचकून फडफडली आणि तिची शेपटी छत्रीच्या काड्यांत अडकली. सोडवून बघतो, तर शेपटीची तीन पिसं वाकलेली! वाचता वाचता कोपरा दुमडून ठेवलेल्या पानांसारखी!

ग्रंथालयात दुमडलेलं पान मी रात्रभर शब्दकोशाखाली ठेवत असे. इथंही ठेवलं असतं, पण शेपटीच्या दुसऱ्या टोकाला पाखरू होतं.

म्हणून वाफ. चुलीवर आधण ठेवलं. काझिम करतो तशी तिला पंच्यात गुंडाळली, शेपटी तेवढी बाहेर, आणि धरली वाफेवर. चष्म्यावर धुकं दाटलं. मला काही दिसेना, पण बोटांना कळत होतं. एक पीस हळूहळू सरळ झालं. मग दुसरं. मग, मोडतंय की काय अशा बेताने, तिसरं! अहो, माझ्या हातून आयुष्यात काहीतरी सरळ झालं! मला इतका आनंद झाला, की मी दोन्ही हात वर केले आणि ओरडलो, "ताई, जमलं!"

दोन्ही हात वर केले, हे लक्षात घ्या.

"डुबुक" असा आवाज आला.

चुलीच्या बाजूला माझ्या थोरल्या बहिणीने, गुलिझारताईने, रुंद तपेलं निवत ठेवलं होतं. नशीब माझं, पाणी कोमट झालं होतं. आणि दुर्दैव असं, की ते पाणी नव्हतंच. अक्रोडाची हिरवी सालं उकळून ताईने मोज्यांच्या लोकरीसाठी केलेला तो रंग होता. त्या रंगाची ख्याती अशी, की लोकर फाटते, मोजे फाटतात, पाय म्हातारे होतात, रंग जात नाही.

ताई धावत आली. "शाकिर! माझी लोकर!"

"ताई, माझी ससाणी!"

"तुझी कुठली? काझिमची!"

हे मला आठवायला नकोच होतं. पंचा काढला. आत भाजलेल्या चेस्टनटच्या, तांबूस-तपकिरी रंगाची एक ससाणी बसलेली. छातीवरचे पांढरे पट्टे गेले, पाठीचा करडेपणा गेला. फक्त डोळे तेवढे पिवळे, आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी काय केलं असेल? साबण आणला!

"अरे, साबणाने हा रंग जात असता, तर मी लोकर कशाला रंगवत बसले असते?" ताई म्हणाली. पण तोवर फेस झाला होता. रंग काही गेला नाही. गेलं ते तेल. काझिम म्हणाला होता ते, अंगभर लावलेलं, पाण्याला आत येऊ न देणारं तेल. मी ते पार धुऊन काढलं.

त्याच संध्याकाळी ओसरीवर पावसाचे चार शिंतोडे उडाले, आणि ती फरशी पुसायच्या फडक्यासारखी चिंब झाली. पिसं अंगाला चिकटून अगदी चिमुकली दिसायला लागली. थरथरत होती. तिने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग परवडला असता.

आणि दुसऱ्याच दिवशी पोस्टमन ते पत्र घेऊन आला. पिसं कशी आहेत?

बरं, घरात दडून बसावं, तर तीही सोय नाही. आमच्या गावात माणूस आठवडाभर दिसला नाही तर चालतं. ससाणी दिसली नाही तर लोक दार ठोठावतात. रिफतने दोनदा निरोप धाडला. शेवटी उघडीप बघून, तिला कोटाच्या आत धरून चहाखान्यात नेली आणि कोपऱ्यात जाऊन बसलो.

याकुप शेगडीपाशी बसला होता. ससाण्यांच्या बाबतीत याकुपचा शब्द शेवटचा. आमच्याकडे पाखराची पारख रंगावरून होते: काळी, पिवळी, राखाडी. दुरून रंग सांगायचा आणि त्यावरून ती किती लावे मारील तेही सांगायचं, हा याकुपचा हातखंडा. फक्त काझिमच्या पाखरांना त्याने जन्मात कधी चांगलं म्हटलं नव्हतं. काझिमनेही त्याच्या पाखरांना नाही. चाळीस वर्षं दोघांनी हा नेम पाळला होता.

याकुपची नजर माझ्या मुठीकडे गेली. पेला खाली ठेवून तो उभा राहिला.

"मास्तर, ही कुठली?"

"ही... म्हणजे तशी..."

"लाल!" याकुप म्हणाला. चहाखान्यातली सोंगट्यांची खटखट थांबली. "लाल ससाणी! माझ्या आजोबांनी एकदाच बघितली होती. तीही उडताना. तीही धुक्यात!"

"याकुपभाऊ, ती जरा..."

"तुम्ही बोलू नका मास्तर. तुमच्याकडे काय आलंय, हे तुम्हाला कळलेलंच नाही."

हे त्याचं म्हणणं मला पटलं. माझ्याकडे काय आलंय, हे मला सहसा कळत नाहीच.

"आणि काझिमची ती राखाडी कुठंय?" रिफतने विचारलं.

हीच ती वेळ! 'अहो, हीच ती' एवढं म्हणायचं होतं. पण मला 'नाही' म्हणायला साधारण आठवडा लागतो, आणि 'हो' म्हणण्यापूर्वीही जरा विचार करावा लागतो. भरल्या चहाखान्यातले सगळे डोळे माझ्यावर. मी घाबरून चहाचा घोट घेतला. तो कढत होता. डोळ्यांत पाणी आलं.

याकुपने टोपी काढली. "समजलं. गेली बिचारी."

सगळ्या चहाखान्याने सुस्कारा सोडला. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, मनाला लावून घेऊ नका. तिच्या जागी ही धरलीत ना काझिमसाठी! मोठ्या मनाचं काम." दुसरा म्हणाला, "काझिमला कुणी कळवायचं नाही हं! हृदयाचा माणूस आहे." सगळ्यांनी शपथ घेतली. अरहावीत शपथ घेतलेली बातमी साध्या बातमीपेक्षा लवकर पोचते. आठवड्याच्या आत इस्तंबूलला पोचली.

रिफत स्वतः घरी आला. नेहमीची थट्टा नाही, काही नाही. "मास्तर, मुनिरेचा फोन होता."

मुनिरे म्हणजे काझिमची मुलगी.

"काझिम ऑपरेशनला तयार नाही. म्हणतो, शाकिरचं उत्तर येत नाही, म्हणजे पाखरू मेलं आणि तो लपवतोय. पिसं कशी आहेत ते त्याच्या हातच्या अक्षरात कळू दे, तोवर मी टेबलावर झोपणार नाही. एक तारीख चुकवलीय. आता पुढच्या आठवड्यातली दिलीय. तीही चुकली, तर डॉक्टर म्हणतात..."

डॉक्टर काय म्हणतात ते रिफतने सांगितलं नाही.

"मुनिरेने सांगावं ना त्याला, जिवंत आहे म्हणून!" मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणतो, मुली बापाला बरं वाटेल तेच सांगतात."

आता आली का पंचाईत! पिसं चांगली आहेत असं लिहावं, तर ती अजून शिंतोड्याने भिजत होती. वाईट आहेत असं लिहावं, तर वाचणारा हृदयाचा रोगी. खोटं लिहवत नाही, खरं धाडवत नाही. अशा वेळी माझ्यासारखा माणूस काय करतो? लांबलचक लिहितो. मी अकरा पानं लिहिली. सुरुवात ससाणे पाळण्याच्या इतिहासापासून केली होती. आठव्या पानावर छत्री येत होती.

लिहिण्याच्या मधल्या वेळात मी मला सगळ्यांत अवघड जाणारी गोष्ट करत होतो. काहीही न करण्याची. तिला ओसरीवर छपराखाली, वाऱ्यावर, दांडीवर बसवलं होतं, आणि मी शेजारी. हात शिवशिवायचे. पुसावं, कुरवाळावं, सारखं करावं! म्हणून हातात पुस्तक धरलं. नुसतं धरून भागेना, तेव्हा वाचायला लागलो, मोठ्याने. जवळ तेच होतं, जुन्या दगडी पुलांच्या बांधकामाविषयीचं.

पहिल्या दिवशी तिने एक डोळा मिटला. दुसऱ्या दिवशी एक पाय पोटाशी घेतला. मग एका सकाळी, मी कमानीच्या दगडांचं वाचत असताना, तिने मान मागे वळवली, चोच शेपटीच्या मुळाशी नेली आणि एकेक पीस चोचीतून ओढायला लागली. ताई लोकर विंचरते तसं. सावकाश, एकही न चुकवता. मी श्वास रोखला, वाचन थांबलं. तीही थांबली! वाचायला लागलो, तीही लागली. आयुष्यभर लोकांना पुस्तकं दिली. माझं वाचणं कुणी असं ऐकलं नव्हतं.

पत्र पुरं झालं त्या दिवशी हवा इतकी दमट होती, की शाई वाळेना. मी अकराही पानं ओसरीच्या कडेला, वाळत घातलेल्या हेझलनटच्या राशीवर पसरली आणि वर दगड ठेवले. बाहेर पाऊस कोसळत होता. तेवढ्यात अंगणातून हाक आली.

"मास्तर! गाय आणलीय!"

याकुप! डोक्यावर पोतं, हातात दावं, दाव्याला गाय.

"गाय कशाला याकुपभाऊ?"

"लाल ससाणीच्या बदल्यात. दुभती आहे. नाही म्हणू नका."

नाही म्हणायला मला आठवडा लागतो, हे सांगितलंच आहे. मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी ताई बाहेर आली, हातात ओल्या मोज्यांचा ढीग घेऊन, आणि छपराखालच्या दोरीवर ते एकेक टांगायला लागली. चेस्टनटच्या रंगाचे मोजे. ओळीने. त्यांच्या शेवटाला दांडीवर ससाणी.

याकुपने मोज्यांकडे बघितलं. ससाणीकडे बघितलं. पुन्हा मोज्यांकडे. मग माझ्या रंगलेल्या बोटांकडे.

"काय बघतोस याकुप?" ताई म्हणाली. "अक्रोडाची सालं आहेत. मोजे त्याच तपेल्यातले, आणि पाखरूही. माझ्या भावाने बुडवलं."

"म्हणजे ही..."

"काझिमची राखाडी. आतून अजून राखाडीच आहे."

तेवढ्यात कुणीतरी काहीतरी चावत असल्याचा आवाज आला. गाय माझं सातवं पान खात होती! पहिली सहा गेलेली होती!

"अगं, अगं, अगं!" म्हणत मी धावलो. मला कुणी धावताना बघितलेलं नाही. ससाणीने तर नाहीच. ती घाबरून दांडीवरून उडाली आणि पायाच्या दोरीने ओसरीच्या बाहेर उलटी लोंबकळली, नेमकी पागोळीखाली! छपराचं सगळं पाणी तिच्या अंगावर! मी तसाच अंगणात उडी मारून तिला मुठीवर घेतलं. संपलं, वाटलं. पुन्हा फडकं झालं. माझ्या डोळ्यांसमोर इस्तंबूलमधलं ते रिकामं टेबल आलं.

तिने अंग फुलवलं आणि एकदाच झटकलं.

माझ्या चष्म्यावर थेंबच थेंब! चष्मा पुसून बघतो, तर तिच्या पाठीवर पाणी मण्यांसारखं उभं होतं. उभं होतं, आणि घरंगळत होतं! अळूच्या पानावरून घरंगळावं तसं! आत एक थेंबही शिरला नव्हता. ती कोरडी होती हो!

"ताई! बघ!" मी ओरडलो. या वेळी हात वर केले नाहीत.

शेपटीचं एक पीस, छत्रीत सगळ्यांत जास्त वाकलेलं, तेवढं चिखलात पडलं होतं. याकुपने ते उचललं आणि बोटांतून ओढून बघितलं. टोकाला अक्रोड, मुळाशी राखाडी.

"आजोबांनी बघितलेलीसुद्धा," तो म्हणाला, "बहुतेक कुणीतरी बुडवलेलीच असणार."

मग जवळ येऊन त्याने तिचा एक पंख अलगद उघडला. मग दुसरा. शेपटी निरखली. बोटाची मागची बाजू फक्त, हात कुठं लावला नाही.

"एक गेलं. बाकीची धड आहेत. जाईल ती."

"खरं सांगताय?"

"मास्तर, काझिमच्या पाखराबद्दल मी खोटं चांगलं बोलेन का?"

हा मुद्दा बिनतोड होता.

"तर मग लिहा त्याला," याकुप म्हणाला.

"लिहिलं होतं. तुमच्या गाईने खाल्लं."

"किती पानं?"

"अकरा."

"बरं केलं तिने. तेवढं वाचता वाचता त्याला दुसरं ऑपरेशन लागलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला. लोक दारात येऊन एकमेकांना विचारायला लागले, काय बिघडलं म्हणून. मी आणि याकुप टेकडीवर गेलो. खाली समुद्र, वर धुतलेलं आभाळ, लावे केव्हाच गेलेले. मी तिच्या पायाची दोरी कापली. ती जाईना. मुठीवर तशीच बसून राहिली, पकड घट्ट. मी वाकून काझिमसारखी तिच्या छातीवर फुंकर मारली. तपकिरी पिसं दुभंगली. आत राखाडी लव होती. ठेवलेलं नाव मी एकदाच, अगदी हळू घेतलं. याकुप समुद्राकडे बघत होता, असं त्याने तरी दाखवलं.

मूठ हलकी झाली.

डोंगराची कड धरून ती सरळ गेली, एकदाही न डगमगता. अक्रोडी रंगाचा ठिपका लहान होत होत कुठल्याच रंगाचा राहिला नाही.

घरी येऊन मी लिहायला बसलो. ताईने ते पीस कागदाला दोन टाक्यांनी शिवून दिलं.

"काझिम, पिसं चांगली आहेत. आज ती गेली. एक पीस ठेवून गेली, ते सोबत आहे. रंगाचं तू परत आल्यावर बोलू. शाकिर."

खाली याकुपने स्वतःहून चार शब्द घातले. "मी बघितली. चांगली आहेत, तुझी असूनही. याकुप."

काझिम माझ्यावर विश्वास ठेवील की नाही, शंका होती. याकुपवर ठेवणार, याबद्दल नव्हती.

टपाल दुपारी निघतं. तोवर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. पाकीट सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवून मी निघालो. चहाखान्यावरून जाताना रिफत दारातून ओरडला, "मास्तर, छत्री कुणावर धरलीय?"

मी बघितलं. छत्री माझ्या डाव्या मुठीवर होती. मूठ छातीच्या उंचीला, नीट, न हलवता धरलेली. तिच्यावर कुणीच नव्हतं. मी मात्र नखशिखान्त भिजलो होतो.

पाकीट काढून बघितलं. कोरडं होतं. टाकलं पेटीत.